एकाच बाटलीने दोघांचे केस येणार नाहीत

शिरपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी १९ वर्षांची, पुण्याला होस्टेलवर. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला आणि डिसेंबरपासून मुठीने केस गळू लागले. घरात दीर ३२ वर्षांचे. त्यांचं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय, टाळूही विरळ झालाय. दोघंही ऑनलाइन मागवलेला माका-जास्वंद-रोझमेरीचा अर्क एकाच बाटलीतून लावतात, मुलगी सुट्टीत घरी आली की वरून कांद्याचा रसही चोळते. शेजारणीला अशाच अर्काने तीन महिन्यांत गुण आला म्हणे. तर वनस्पतींच्या अर्काने केस खरंच येतात का, आणि येत असतील तर कोणत्या?

ताई, तुमच्या मुलीचे केस बहुतेक त्या बाटलीशिवायही परत येतील, आणि दिरांचे त्या बाटलीने येणार नाहीत. मी चोपडा-यावल पट्ट्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, माका आणि आवळा माझ्या रोजच्या वापरातली औषधं आहेत, आणि तरीही हे लिहिते आहे. ‘मन्हा केस गयी राह्यनात’ म्हणत बाई समोर बसली की मी आधी वनस्पतीचा विचार करत नाही. गळती कोणत्या जातीची आहे ते बघते. ते चुकलं तर पुढचं सगळं, माझं असो की त्वचारोगतज्ज्ञाचं, वाया जातं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र स्वतंत्र चालतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, मग तीनेक महिने तो मुळात नुसता अडकून राहतो आणि गळून पडतो. खालून नवा येतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस फणीत येणं नॉर्मल आहे. डेंग्यू, टायफॉइड, चिकुनगुनिया, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष होस्टेलच्या पाण्यावर किंवा नव्या शाम्पूवर जातो. सप्टेंबरात डेंग्यू आणि डिसेंबरात गळती, ही तुमची तारखांची जोडीच निदानाकडे बोट दाखवते. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

यात मूळ शाबूत असतं. दुसरं काही कारण नसेल तर तीन ते सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी भरायला वर्ष-दीड वर्ष जातं, पण कपाळाच्या कडेला बारीक, टोकदार नवे केस त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतात. आता शेजारणीच्या अनुभवाकडे बघा. गळती सुरू झाली, महिनाभर वाट पाहिली, घाबरून अर्क आणला, तीन महिने लावला, गळती थांबली. तिचं म्हणणं खरंच आहे. पण अर्क न लावताही गळती बहुधा त्याच सुमारास थांबली असती. केसांच्या बहुतेक घरगुती औषधांचं नाव असंच झालेलं आहे, आणि म्हणूनच या विषयात ‘मला गुण आला’ एवढ्यावर मी कधीच विसंबत नाही. औषध न लावणारा एक गट शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय इथे काही कळत नाही.

मुलगी घरी आली की एक तपासणी तुम्हीच करा. आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत. ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरा आणि हलक्या हाताने टोकापर्यंत ओढत न्या. डोक्याच्या चार-पाच ठिकाणी करा. प्रत्येक वेळी सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती अजून चालू आहे. आलेला केस उजेडात धरून मुळाचं टोक बघा. तिथे पांढरी गोळीसारखी गाठ दिसली तर तो विश्रांती संपवून पडलेला केस आहे, मूळ तुटलेलं नाही. ती गाठ पाहून बायका घाबरतात, ‘मुळासकट आला’ म्हणतात. उलट ती दिसली की मी निश्चिंत होते. गाठ नसेल, केस मधूनच तुटलेला असेल तर गोष्ट वेगळी: स्ट्रेटनिंग, घट्ट वेणी किंवा पाणी.

पाण्याचं इथेच सांगून टाकते. आपल्याकडे रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत बऱ्याच गावांत बोअरचं जड पाणी आहे. त्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. टक्कल पडत नाही. शेवटचा तांब्या साध्या गोड्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो.

आता दिरांकडे येते. त्यांचा प्रकार आनुवंशिक, घराण्यातून येणारा आहे. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन ५-अल्फा रिडक्टेज नावाच्या एन्झाइममुळे डीएचटी या जास्त तीव्र हार्मोनमध्ये बदलतं. कपाळ आणि टाळूवरची मुळं त्याला संवेदनशील असली की दर चक्रात केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. मागच्या बाजूचे केस टिकतात कारण तिथली मुळं डीएचटीला तशी दाद देत नाहीत. हे आपोआप थांबत नाही. आयुर्वेदातही सांगितलं आहे की वातासह बिघडलेलं पित्त केस पाडतं आणि नंतर कफ रक्तासह रोमकूप बंद करतो, मग तिथे नवा केस येत नाही. बंद झालेल्या कूपावर तेल जिरवण्यात अर्थ नाही, हे त्या वर्णनातच आहे. जिथे अजून बारीक केस आहे तिथेच काही करता येतं.

वनस्पतींचा खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकारात येतो, आणि इथे थोडा पुरावा आहे. २०१५ मध्ये इराणमध्ये १०० पुरुषांवर रोझमेरी तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (टाळूवर लावायचं केस वाढवणारं औषध) यांची तुलना झाली. तीन महिन्यांत कोणत्याच गटात फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली, आणि खाज रोझमेरीत कमी होती. सोशल मीडियावरच्या सगळ्या रोझमेरी पाण्याचं मूळ मुख्यतः या एका अभ्यासात आहे. पण त्यात नुसतं साधं तेल लावणारा गट नव्हता, आणि पुरुषांना आज सहसा ५ टक्के मिनॉक्सिडिल देतात. सहा महिने लागले हेही लक्षात घ्या. तीन महिन्यांचं आश्वासन त्या अभ्यासातूनच खोटं ठरतं.

लाल भोपळ्याच्या, म्हणजे आपल्या गंगाफळाच्या बियांच्या तेलावर २०१४ मध्ये कोरियात ७६ पुरुषांचा अभ्यास झाला. रोज ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, २४ आठवडे. केसांची संख्या औषधाच्या गटात सुमारे ४० टक्के वाढली, औषधाविना नुसती कॅप्सूल घेणाऱ्या गटात १० टक्के. तुलनेचा गट ठेवलेला असल्याने हा अभ्यास मला जास्त भरवशाचा वाटतो, पण त्या कॅप्सूलमध्ये इतरही वनस्पती होत्या, तेव्हा श्रेय एकट्या गंगाफळाला देता येत नाही. सॉ पाल्मेटो नावाच्या अमेरिकी पामच्या फळाचा अर्क इटलीत दोन वर्षं १०० पुरुषांवर फिनास्टेराइडच्या, म्हणजे डीएचटी कमी करणाऱ्या गोळीच्या, समोर उभा केला गेला. २०१२ च्या त्या अहवालात अर्काने ३८ टक्के पुरुषांना फायदा झाला, फिनास्टेराइडने ६८ टक्के. म्हणजे वनस्पती काहीतरी करते, पण औषधापेक्षा कमी. आवळ्याच्या अर्काने प्रयोगशाळेत डीएचटी बनवणारं ते एन्झाइम दबलेलं दिसलं आहे, पण काचेच्या नळीपासून टाळूपर्यंतचा रस्ता लांब आहे.

आणि आपला माका? मला या वनस्पतीबद्दल मनापासून आदर आहे, म्हणून नीट सांगते. माक्याच्या अर्काचे चांगले निकाल उंदरांवरचे आहेत. काळ्या जातीच्या उंदराची पाठ विश्रांतीच्या अवस्थेत भादरतात, तेव्हा कातडी गुलाबी दिसते. अर्क लावल्यावर केस वाढीत गेले की कातडी आधी करडी, मग काळी होते, आणि माक्याने ती लवकर काळी झाली. हे खरं आहे. पण उंदराच्या पाठीवरचे केस लाटेसारखे एकाच वेळी वाढतात आणि थांबतात, माणसाचा प्रत्येक केस आपल्या वेळेने चालतो. शिवाय त्या उंदराला डीएचटीचं टक्कल नव्हतं, त्याची पाठ भादरलेली होती. जास्वंदीचंही तेच. उंदरांवरच्या तुलनेत जास्वंदीच्या पानाचा अर्क फुलापेक्षा सरस ठरला, आणि आपण तेलात फुलं टाकतो, पानं टाकून देतो.

‘अर्क’ म्हणजे तरी काय, हेही पाहायला हवं. उंदरांवरच्या काही प्रयोगांत माका पेट्रोलियम ईथरसारख्या द्रावकात भिजवून, द्रावक उडवून, उरलेला घट्ट भाग ठरावीक प्रमाणात लावला होता. बाटलीवर ‘माका अर्क’ लिहिलंय म्हणजे तोच, तेवढाच आत आहे असं होत नाही. किती टक्के, कशात काढलेला, हे लेबलवर बहुतेक वेळा नसतं. घटकांच्या यादीत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल आणि माका शेवटून दुसरा, तर तुम्ही मुख्यतः खनिज तेल विकत घेतलं आहे. औषध व प्रसाधन नियमांच्या शेड्यूल ‘जे’मध्ये, बरे करण्याचा दावा करू नये अशा आजारांच्या यादीत, टक्कलही आहे. ‘टक्कल हमखास जाईल’ असं कोणी म्हणाला की तिथेच थांबा.

घरी तेल करायचं तर माका ओळखता आला पाहिजे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. केळीच्या बागेत, ठिबकच्या नळीखाली किंवा पाटाच्या कडेला ओल असते तिथे माका उगवतो. खोड लालसर, पानं समोरासमोर, लांबट आणि खरखरीत, फूल बटणाएवढं, पूर्ण पांढरट. बांधावर कोरड्या जागी उगवणारं, लांब उंच दांड्यावर एकच फूल, मधोमध पिवळं आणि कडेला टोकाशी खाचा असलेल्या पांढऱ्या पाकळ्या, हा दगडी पाला. लोक तोच माका म्हणून खुडून आणतात. खात्री करायला देठ चुरडून बोटावर चोळा. खऱ्या माक्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो. दगडी पाल्याचा पडत नाही.

प्रमाण असं: पाव लिटर तिळाचं तेल, एक लिटर माक्याचा ताजा रस, ६० ग्रॅम माक्याचाच वाटलेला कल्क, म्हणजे ओला लगदा. लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवा, घाई अजिबात नको, मी दोन दिवसांत मिळून काढते. आधी नुसतं पाणी खदखदतं, मग तेल वर सुटतं, शेवटी तेलावर फेस येतो. त्या वेळी कल्क बोटांत वळून बघा. वात वळली गेली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही तर पाणी संपलं. लगेच उतरवून गाळा. तडतड राहिली तर तेल पुढे बुरसटतं, कल्क कुरकुरीत होऊन करपला तर तेलाचा गुण गेला. या कृतीत तेलात विरघळणारे घटक तेलात येतात, बाकीचे बरेचसे गाळात राहतात.

हे तेल मी देते. कोरड्या टाळूला, रखरखीत केसांना, झोप न लागणाऱ्याला देते. आठवड्यातून दोनदा, धुण्याआधी तासभर. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं, खनिज तेलाने तसं झालं नाही. म्हणजे तेलाने केस तुटायचा कमी होतो, आणि तुटायचा कमी झाला की घनदाट दिसतो. हा फायदा छोटा नाही. पण तो असलेल्या केसाला होणारा फायदा आहे. कोंडा असेल तर मात्र तेल बंद, कारण कोंड्याची बुरशी टाळूवरच्या तेलावरच पोसते. एरंडेल नुसतं लावू नका. ते इतकं चिकट असतं की लांब केसांचा दगडासारखा गोळा होऊन कापावा लागल्याच्या नोंदी आहेत.

कांद्याचा रस ही वेगळीच गोष्ट आहे. २००२ मध्ये इराकमध्ये त्याचा अभ्यास झाला तो चाईवर, म्हणजे रुपयाएवढे गोल गुळगुळीत चट्टे पडतात त्या आजारावर. दिवसातून दोनदा रस लावला, सहा आठवड्यांनी २३ पैकी २० जणांचे केस आले, नळाचं पाणी लावणाऱ्या १५ पैकी दोघांचे. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळावर हल्ला करते, कांद्याच्या जळजळीने तो हल्ला बहुधा दुसरीकडे वळतो. अभ्यास लहान आहे, आणि लहान चट्टे आपोआपही भरतात. पण तुमच्या मुलीला चाई नाही. कांदा चोळून तिला मिळेल ती फक्त आग आणि वास. बंद करा.

चाईवरून एक कळकळीची विनंती. सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारांत चाईवर बिब्बा किंवा गुंज उगाळून लावायला सांगणारे अजून भेटतात. गुंजेचा उल्लेख जुन्या ग्रंथांत आहे, पण शोधन केलेल्या, म्हणजे विषाची तीव्रता उतरवलेल्या, गुंजेचा आणि वैद्याच्या हातचा. गुंजेतलं अब्रिन जीवघेणं विष आहे, घरात लहान मूल असेल तर ती बी ठेवूच नये. बिब्ब्याने कातडी भाजते. धडगावकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता, कानामागे चाईचा छोटा चट्टा, त्यावर बिब्बा घासलेला. जखम चिघळली, महिन्याने भरली, आणि तिथे पांढरा चकचकीत वण राहिला. वणात रोमकूप उरत नाहीत. चाई कदाचित स्वतःहून भरली असती, तो वण कधीच भरणार नाही. लहान मुलाच्या डोक्यावर खपली, पांढरा कोंडा आणि तुटलेले केस असा चट्टा असेल तर तो बहुतेक बुरशीचा असतो, त्याला पोटातून घ्यायचं औषध लागतं, कोणत्याही तेलाने तो जात नाही.

मुलीच्या बाबतीत मला काळजी आहे ती रक्ताची. ताप हे कारण खरं, पण होस्टेलवरच्या मुली सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री अर्धी पोळी यावर राहतात. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असतं. मग तापाची गळती थांबायची ती थांबत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढ्या तपासण्या करा. कमी निघालं तर लोह डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे हे आपलं जेवण चांगलंच आहे, त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा द्या. आवळ्याचा हा उपयोग मला टाळूवर चोळण्यापेक्षा पक्का वाटतो. एक सावधगिरी: नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. रक्त कमी दिसलं म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. सिकलसेलमध्ये, विशेषतः रक्त चढवलेलं असेल तर, लोह आधीच साचलेलं असू शकतं.

केसांच्या गोळ्यांचंही तसंच. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, आणि तपासण्यांत त्यांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं. तेच सेलेनियम ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत असतं. थोडं लागतं, जास्त झालं की केस पाडतं. अ जीवनसत्त्वाचंही असंच आहे. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर आधी त्या बंद करा. बायोटिन (केसांच्या गोळ्यांतलं एक जीवनसत्त्व) चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी काही दिवस थांबवा आणि लॅबला सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो.

तर मुलीचा अर्क आणि कांदा दोन्ही बंद करा, रक्त तपासा, पोटभर प्रथिनं द्या, खोबरेल किंवा माक्याचं तेल आवडीने लावू दे. जूनपर्यंत गळती थांबली नाही, भांग रुंद होत गेला किंवा पाळी अनियमित असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण मग आतून दुसरं काही चालू असू शकतं.

दिरांनी मात्र वाट पाहू नये. मिनॉक्सिडिल १९८८ पासून आणि फिनास्टेराइड १९९७ पासून अमेरिकेत या प्रकारासाठी मान्य आहे. दोन्ही डॉक्टरांनी तपासूनच घ्यायची. फिनास्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, हे सुरू करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्यायला हवं, आणि घरातल्या गर्भवतीने त्या फुटलेल्या गोळ्या हाताळायच्या नसतात. आधी रोझमेरीच करून पाहायची असेल तर तेल थेट न लावता खोबरेल तेलात मिसळून, आधी कोपराच्या आत लावून पाहून, सहा महिने रोज, आणि दर महिन्याला त्याच खिडकीपाशी टाळूचा फोटो काढून. सहा महिन्यांनी फोटोत फरक नसेल तर सोडून द्या. आणि मिनॉक्सिडिल सुरू केलंच तर पहिल्या दोनेक महिन्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, जुने केस जाऊन नवे येत असतात, तेव्हा घाबरून मध्येच थांबू नये.